लिंकन हायवेने जाताना : पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

न्यू जर्सीतील एडिसन, आयसेलिन आणि मेटचन या गावांत राहणारी मराठी माणसे ज्या 'रूट २७' वरून रोज ये-जा करतात, त्याच्या काही पाट्यांवर 'लिंकन हायवे' असे नाव लिहिलेले असते. मीही कित्येक वर्षे ते एखाद्या गल्लीला दिलेल्या थोर माणसाच्या नावासारखेच समजत होते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत मोटारींसाठी आखलेला पहिला रस्ता तो हाच, आणि आपल्या वाणसामानाच्या फेरीत आपण त्याचाच एक तुकडा ओलांडत असतो, हे कळल्यावर मात्र मला स्वस्थ बसवेना. पुढच्या काही वर्षांत आम्ही चार वेगवेगळ्या सुट्ट्यांमध्ये या रस्त्याचा बहुतेक भाग पालथा घातला. पहिल्या सुट्टीतला निम्मा वेळ चुकीच्या रस्त्यावर गेला, कारण कोणता रस्ता खरा हे सांगणारे कोणी भेटले नव्हते. तुमचा तो वेळ वाचावा म्हणून हे लिहिले आहे.

१. हा एक रस्ता नाही, हे आधी समजून घ्या

नकाशावर 'लिंकन हायवे' नावाची एकच सलग रेघ शोधाल, तर ती सापडणार नाही. त्याचे कारण या रस्त्याच्या जन्मातच आहे. इंडियानापोलिसची मोटार शर्यतीची धावपट्टी उभारणाऱ्यांपैकी एक आणि मोटारींच्या दिव्यांच्या धंद्यात श्रीमंत झालेले कार्ल फिशर यांनी १९१२ मध्ये किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंतच्या रस्त्याची कल्पना मांडली आणि मोटार व टायर उद्योगाकडून वर्गणी मागितली. हेन्री फोर्ड यांनी नकार दिला, कारण रस्ते उद्योजकांनी बांधून दिले तर लोक ते सरकारी खर्चाने बांधायला कधीच तयार होणार नाहीत, असे त्यांचे मत होते. त्यामुळे १ जुलै १९१३ रोजी स्थापन झालेल्या लिंकन हायवे असोसिएशनकडे सगळा रस्ता बांधण्याइतका पैसा कधीच आला नाही. पॅकार्ड मोटार कंपनीचे हेन्री जॉय तिचे अध्यक्ष होते. असोसिएशनने केले ते एवढेच की अस्तित्वात असलेले गाडीरस्ते, गावांतले मुख्य रस्ते आणि शेतांच्या बांधांवरून जाणाऱ्या वाटा एकमेकींना जोडून न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरपासून सान फ्रान्सिस्कोच्या लिंकन पार्कपर्यंत ३,३८९ मैलांचा मार्ग जाहीर केला आणि तो सुधारण्यासाठी गावोगावी लोकांचे मन वळवले.

मन वळवण्याची त्यांची युक्ती मला फार आवडते. चिखलाच्या वाटेवर मध्येच एक मैल काँक्रीटचा पट्टा घालायचा आणि बाकीचा रस्ता तसाच ठेवायचा. चाक त्या एका मैलावर गेले की पुढच्या मैलाची मागणी लोकच करतील, या हिशेबाने त्याला 'सीडलिंग माइल', म्हणजे रोपाचा मैल, असे नाव दिले. असा पहिला पट्टा १९१४ मध्ये इलिनॉयमधील माल्टा गावाजवळ झाला.

ज्या काउंटीने (राज्यातला जिल्ह्यासारखा भाग) आपला रस्ता सुधारला, तिकडे मार्ग सरकत गेला. त्यामुळे आज त्याच दोन गावांच्या दरम्यान १९१३ चा, १९२० च्या सुमाराचा आणि १९२८ चा असे तीन-तीन लिंकन हायवे सापडतात. १९२६ मध्ये महामार्गांना क्रमांक मिळाले आणि पेनसिल्व्हेनियापासून वायोमिंगपर्यंतचा बराच भाग 'यू. एस. ३०' झाला. नंतर त्या ३० नंबरलाही गावाबाहेरून वळणरस्ते काढले गेले. म्हणून यू. एस. ३० धरून चाललो म्हणजे लिंकन हायवेवरून चाललो, असे मानू नका. नवशिक्यांची पहिली चूक हीच असते, आणि आमचीही तीच झाली.

२. पूर्ण रस्ता की एक तुकडा, हे ठरवा

जुन्या मार्गाने दिवसाला १५० ते २०० मैलांपेक्षा जास्त जाऊ नये, असे मी अनुभवाने सांगते. त्या वेगाने सगळा रस्ता करायला थांबण्याचे दिवस सोडूनही जवळपास तीन आठवडे लागतात. एवढी सुट्टी नोकरदार माणसाला क्वचितच मिळते, आणि मिळाली तरी सलग केलेल्या प्रवासात नेब्रास्कापर्यंत पोहोचेतो डोळे थकलेले असतात. म्हणून पहिल्यांदा निघणाऱ्यांनी एकच राज्य निवडावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पूर्वेकडे राहणाऱ्यांनी पेनसिल्व्हेनिया घ्यावे आणि त्याला चार दिवस द्यावेत. शिकागोच्या बाजूला राहणाऱ्यांनी आयोवा घ्यावे, त्याला तीन दिवस पुरतात. नेवाडा दोन दिवसांत होते, पण ते तिसऱ्या किंवा चौथ्या प्रवासासाठी ठेवावे.

३. ऋतू निवडा

मेअखेर ते ऑक्टोबर हा काळ योग्य. पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरांत ऑक्टोबरच्या मध्याला झाडांचे रंग बदलतात आणि त्यासाठी सगळीकडून माणसे येतात, त्यामुळे खोल्या बऱ्याच आधी ठरवाव्या लागतात. आयोवात जूनच्या सुरुवातीला जाणे मला सर्वांत सोयीचे वाटले, कारण मका अजून गुडघ्याखाली असतो. ऑगस्टमध्ये तो माणसापेक्षा उंच होतो आणि चौकात आडवी येणारी गाडी दिसत नाही. हिवाळ्यात वायोमिंगमध्ये वारा आणि बर्फ यांमुळे मोठा महामार्गसुद्धा बंद करतात, तेव्हा नोव्हेंबरनंतर पश्चिमेकडचा बेत आखू नका.

४. कागदपत्रे आणि सामान

गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाचा परवाना जवळ हवा. भारतातून आलेले नातेवाईक गाडी चालवणार असतील, तर त्यांनी मूळ भारतीय परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना, म्हणजे आयडीपी, निघण्यापूर्वीच आपल्या आरटीओतून काढून आणावा. भारतीय परवान्यावरचा आयडीपी अमेरिकेत आल्यावर मिळत नाही आणि त्याची मुदत एक वर्षाचीच असते. जे अमेरिकेचे नागरिक नाहीत, त्यांनी ग्रीन कार्ड किंवा पासपोर्ट आणि आय-९४ ची (अमेरिकेतील प्रवेशाच्या नोंदीची) प्रत बाळगावी. कायद्यानेही ते अपेक्षित आहे. स्वतःची गाडी असेल तर नोंदणीचा कागद आणि विम्याचे कार्ड गाडीतच ठेवा.

भाड्याची गाडी घेणार असाल, तर करारातली दोन कलमे सही करण्यापूर्वी वाचा. पहिले कलम कच्च्या रस्त्यांचे. बहुतेक करारांत डांबरी किंवा काँक्रीटच्या रस्त्याबाहेर गाडी नेण्यास मनाई असते, आणि लिंकन हायवेचे काही सर्वांत जुने तुकडे खडीचे आहेत. आयोवात खडीच्या वाटेवर आमच्या भाड्याच्या गाडीचे टायर फाटले. आम्ही वेगळे पैसे भरून घेतलेले संरक्षण तिथे लागू होत नाही असे कंपनीने सांगितले, आणि ती अट करारात बारीक अक्षरांत खरोखरच होती. टायर, गाडी ओढून नेणे आणि एक वाया गेलेला दिवस, असा सगळा खर्च आमच्यावर पडला. दुसरे कलम एका गावी गाडी घेऊन दुसऱ्या गावी सोडण्याच्या आकाराचे. हा आकार कधीकधी आठवड्याच्या भाड्याइतका होतो, तेव्हा आधी विचारून घ्या.

सामानात पुढील गोष्टी नक्की असू द्या : हवा भरलेले स्टेपनी टायर आणि जॅक (हल्ली बऱ्याच गाड्यांत स्टेपनीच नसते, ते निघण्यापूर्वी डिकी उघडून पाहा), टायरमधील हवा मोजण्याचे यंत्र, विजेरी, मोबाइल चार्जर, कागदी नकाशा, माणशी एक गॅलन पाणी आणि थोडी सुटी नाणी. वाटेवरच्या घरांपुढे मक्याची कणसे आणि टोमॅटो मांडून ठेवलेले असतात, तिथे डब्यात पैसे टाकून माल उचलायचा असतो.

५. नकाशा तयार करा आणि मोबाइलला आवरा

१९९२ मध्ये पुन्हा स्थापन झालेल्या लिंकन हायवे असोसिएशनच्या संकेतस्थळावर एक नकाशा आहे, ज्यावर वेगवेगळ्या पिढ्यांचे मार्ग निरनिराळ्या रंगांत दाखवले आहेत. आदल्या रात्री दुसऱ्या दिवसाचा मार्ग त्या नकाशावरून वहीत उतरवून काढावा. मोबाइलमध्ये 'महामार्ग टाळा' ही सूचना दिली तरी तो संधी मिळताच तुम्हाला रुंद रस्त्याकडे वळवतो, कारण त्याचे काम तुम्हाला लवकर पोहोचवण्याचे आहे. त्यामुळे शेवटचे ठिकाण न घालता दर दहा-पंधरा मैलांवरचे पुढचे छोटे गाव घालत जा.

रस्त्यावरच्या खुणाही शिकून घ्या. 'लिंकन वे', 'लिंकनवे', 'ओल्ड लिंकन हायवे', 'ओल्ड थर्टी' ही नावे दिसली की तुम्ही जुन्या मार्गावर किंवा त्याच्या अगदी जवळ आहात. लाल, पांढरा आणि निळा असे तीन पट्टे आणि मधल्या पांढऱ्यावर निळे 'एल' अक्षर ही या रस्त्याची जुनी खूण आहे, आणि अनेक ठिकाणी ती विजेच्या खांबांवर आजही रंगवतात. सर्वांत मोलाची खूण म्हणजे काँक्रीटचे खांब. रस्त्यांना क्रमांक मिळाल्यावर नावांच्या पाट्या निरुपयोगी ठरणार, हे ओळखून असोसिएशनने आपले शेवटचे काम म्हणून १ सप्टेंबर १९२८ रोजी बॉय स्काउट मुलांच्या हातून देशभर सुमारे ३,००० खांब रोवून घेतले. प्रत्येक खांबावर लिंकन यांची मुखाकृती असलेले पदक आणि दिशेचा निळा बाण होता. रस्तारुंदीत बहुतेक खांब गेले. उरलेल्यांपैकी पुष्कळसे संग्रहालयांच्या आणि न्यायालयांच्या आवारात हलवले आहेत. एखादा मूळ जागी, गवतात किंचित कललेला दिसला, तर गाडी थांबवण्याजोगी सुरक्षित जागा पाहून थांबा. फोटो काढा, पण त्याला हात लावून काही सुटे करू नका.

६. न्यू जर्सी : घरातूनच सुरुवात करा

टाइम्स स्क्वेअरपासून गाडीने निघण्याचा हट्ट धरू नका. मॅनहॅटनच्या त्या भागात शिरण्याचा वेगळा कर आहे, गाडी लावायला जागा नाही, आणि मूळ मार्ग हडसन नदी फेरीबोटीने ओलांडत असल्यामुळे आजचा कोणताही रस्ता त्याची नक्कल करू शकत नाही. रेल्वेने जाऊन चौकात फोटो काढावा, परत यावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रूट २७ वरून निघावे.

मेनलो पार्क येथे रूट २७ ला लागूनच थॉमस एडिसन यांच्या प्रयोगशाळेच्या जागी १९३७ मध्ये उभारलेला, माथ्यावर विजेच्या दिव्याच्या आकाराचा भव्य गोल असलेला मनोरा आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरापासून तो दहा मिनिटांवर असतो आणि तरीही पाहिलेला नसतो. तिथून न्यू ब्रन्सविक आणि प्रिन्स्टनवरून ट्रेंटनला पोहोचा. ट्रेंटनचा कॅल्हून स्ट्रीट पूल १८८४ चा लोखंडी पूल आहे आणि एकेकाळी लिंकन हायवे त्यावरूनच डेलावेअर नदी पार करत असे. पुलाला वजनाची आणि उंचीची कडक मर्यादा आहे, तेव्हा छोट्या मोटारीनेच जा. मोठी व्हॅन घेतली असेल तर दुसरा पूल पाहा.

इथे एक साधी पण महत्त्वाची सूचना. न्यू जर्सीत पेट्रोल पंपावरचा माणूसच गाडीत पेट्रोल भरतो. नदी ओलांडली की ते तुम्हाला स्वतः भरावे लागते. ज्यांनी कधी भरले नाही, त्यांनी आधी कोणाकडून शिकून घ्यावे. भारतीय बँकेचे कार्ड असेल तर यंत्र अमेरिकेतल्या पत्त्याचा पिनकोड (झिपकोड) मागते आणि कार्ड नाकारते. अशा वेळी आत जाऊन रक्कम सांगून आगाऊ पैसे भरावेत.

७. पेनसिल्व्हेनिया : या राज्याला वेळ द्या

एकच राज्य पाहणार असाल तर हेच पाहा. फिलाडेल्फियाच्या पश्चिमेला लागणारा लँकेस्टरचा रस्ता मोटारींपेक्षा कितीतरी जुना आहे. १७९५ मध्ये पूर्ण झालेला, दगड-खडी पसरून केलेला आणि टोल घेणारा हा टर्नपाइक लिंकन हायवेने आयता उचलला. लँकेस्टर काउंटीत, मोटारी न वापरणाऱ्या आमिश पंथाच्या लोकांच्या घोडागाड्या रस्त्याच्या कडेने चालतात. चढाच्या माथ्यावर किंवा वळणावर त्या एकदम समोर येतात, म्हणून वेग कमी ठेवा, हॉर्न वाजवू नका आणि पुढचे दिसत असेल तेव्हाच लांबून ओलांडा. त्यांच्या चेहऱ्यांचे फोटो काढणे त्यांच्या धर्मश्रद्धेला दुखावते, ते टाळा. रविवारी त्यांची दुकाने बंद असतात.

लँकेस्टरनंतर यू. एस. ३० चा वळणरस्ता सोडून राज्यमार्ग ४६२ धरा. तो तुम्हाला कोलंबिया आणि राइट्सव्हिल यांमधल्या, १९३० मध्ये बांधलेल्या काँक्रीटच्या कमानींच्या लांबच लांब पुलावरून सस्क्वेहाना नदीपार नेतो. पलीकडे हॅलमजवळ बुटाच्या आकाराचे घर आहे. महलॉन हेन्स नावाच्या बुटांच्या व्यापाऱ्याने १९४८ मध्ये आपल्या दुकानांची जाहिरात म्हणून ते बांधले. इमारतीलाच वस्तूचा आकार का देत, हे कळले की ही सगळी ठिकाणे वेगळ्याच नजरेने दिसतात. तीस-चाळीस मैलांच्या वेगाने जाणाऱ्या माणसाला पाटी वाचायला दोन-तीन क्षणच मिळतात. बूट किंवा किटली मात्र दुरूनच ओळखू येते आणि ब्रेक दाबायला वेळ मिळतो. घोडागाडीच्या काळात अशा इमारतींची गरजच नव्हती, आणि ताशी सत्तर मैलांच्या बंदिस्त महामार्गावर त्यांचा उपयोग उरला नाही. दोन काळांमधल्या थोड्या वर्षांत त्या उभ्या राहिल्या, म्हणूनच त्या मोजक्या आहेत.

गेटिसबर्गला एक पूर्ण दिवस ठेवा. अमेरिकेच्या यादवी युद्धातील, १ ते ३ जुलै १८६३ या दिवसांतल्या लढाईचे मैदान मोठे आहे आणि त्यात फिरण्यास शुल्क नाही. माझे मन मात्र गावाच्या चौकात जास्त गुंतले. यू. एस. ३० आजही त्याच चौकातून जातो आणि चौकाच्या कडेला डेव्हिड विल्स या वकिलाचे घर आहे, जिथे १९ नोव्हेंबर १८६३ च्या आपल्या प्रसिद्ध गेटिसबर्ग भाषणाच्या आदल्या रात्री लिंकन मुक्कामाला होते. ज्यांच्या नावाचा हा रस्ता आहे, त्यांच्या खिडकीखालून तो जातो. १९१९ मध्ये वॉशिंग्टनहून निघालेला लष्करी वाहनांचा तांडाही गेटिसबर्गलाच या मार्गाला लागला. सान फ्रान्सिस्कोपर्यंतचे सुमारे ३,२५० मैल कापायला त्याला ६२ दिवस लागले. त्या तांड्यात ड्वाइट आयझेनहॉवर नावाचा तरुण अधिकारी होता, आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्याने आंतरराज्य महामार्गांचे जाळे विणायला घेतले, त्यामागे या प्रवासाची आठवण होती.

चेंबर्सबर्गनंतर घाट सुरू होतात. सह्याद्रीतले घाट उतरलेल्यांना ते अवघड वाटणार नाहीत, पण ऑटोमॅटिक गाडीची सवय झालेले लोक उतारावर सतत ब्रेक दाबून धरतात आणि ब्रेक तापतात. खालचा गिअर निवडण्याची सोय बहुतेक गाड्यांत असते, ती निघण्यापूर्वी शोधून ठेवा.

बेडफर्ड येथे १९२७ मध्ये बांधलेली कॉफीच्या किटलीच्या आकाराची इमारत आहे. पेट्रोल पंपाशेजारचे उपाहारगृह म्हणून ती उभी राहिली. नंतर ती मोडकळीला आली, तेव्हा पाडून टाकण्याऐवजी तिला उचलून रस्त्याच्या पलीकडे जत्रेच्या मैदानाच्या कडेला नेऊन डागडुजी केली. आत कॉफी मिळत नाही, ती बाहेरूनच पाहायची आहे. त्याच गावात १९३३ चा, रंगीत भाजलेल्या मातीच्या फरश्यांचा डंकल्स नावाचा पेट्रोल पंप आहे. त्याच्या दर्शनी भागासमोर पाच मिनिटे उभे राहा. साध्या पंपासाठी कारागिरांनी किती जीव ओतला आहे, ते पाहण्यासारखे आहे. एव्हरेटमध्ये शाळकरी विद्यार्थ्यांनी लोखंडकाम शिकताना बनवलेले पंचवीस सेंटचे प्रचंड नाणे उभे आहे, आणि अशाच मोठ्या आकाराच्या आणखी काही कलाकृती या पट्ट्यात रस्त्याकडेला लागतात.

एक सावधगिरी. डोंगरमाथ्यावरच्या जहाजाच्या आकाराच्या हॉटेलचा उल्लेख जुन्या माहितीत अजूनही आढळतो. ते २६ ऑक्टोबर २००१ रोजी जळून गेले. त्या जागेवरून दिसणारा देखावा आजही थांबण्याजोगा आहे, पण जहाज शोधत वर-खाली फेऱ्या मारू नका. पुढे स्टॉइसटाउनजवळ ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यातील चौथ्या अपहृत विमानाचे राष्ट्रीय स्मारक आहे. त्याचे प्रवेशद्वार याच रस्त्यावर आहे आणि तिथे शांतपणे दीड तास तरी द्यावा. लॅट्रोबजवळच्या लिंकन हायवेच्या संग्रहालयात १९३८ चा एक अख्खा डायनर, म्हणजे रस्त्याकडेचे छोटे उपाहारगृह, जपून ठेवला आहे. रस्त्याबद्दल काहीही न वाचता निघालेल्या माणसाने निदान इथे तरी उतरावे.

८. ओहायो, इंडियाना, इलिनॉय : निवडक थांबे

ही तीन राज्ये आम्ही चार दिवसांत केली आणि त्याची खंत वाटली नाही. ओहायोत मिनर्व्हा आणि ईस्ट कॅन्टन यांच्या परिसरात विटांच्या फरसबंदीचे जुने तुकडे आहेत. पाऊस पडून गेलेला असेल तर विटांवर चाक घसरते, तेव्हा जपून चालवा. इंडियानात उत्तरेकडचा १९१३ चा आणि दक्षिणेकडचा १९२८ चा असे दोन मार्ग आहेत. त्यांपैकी उत्तरेचा घ्या, कारण साउथ बेंडच्या स्टुडबेकर संग्रहालयात मोटारींबरोबरच ती घोडागाडीही ठेवली आहे, जिच्यात बसून लिंकन हत्येच्या रात्री नाट्यगृहाकडे गेले. डायरजवळ १९२२-२३ मध्ये आदर्श नमुना म्हणून बांधलेला ४० फूट रुंदीचा काँक्रीट रस्ता आहे. आज तो इतर कोणत्याही चौपदरी रस्त्यासारखा दिसतो, आणि शंभर वर्षांपूर्वी त्यांनी नेमके हेच योजले होते. इलिनॉयमध्ये जोलिएटला हा रस्ता 'रूट ६६' या दुसऱ्या प्रसिद्ध जुन्या महामार्गाला छेदतो. फ्रँकलिन ग्रोव्ह या छोट्या गावात असोसिएशनचे मुख्यालय राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्या एका चुलत नातेवाइकाच्या जुन्या दुकानात आहे. ते उघडे असण्याच्या वेळा निघण्यापूर्वी फोनवर विचारून घ्या.

९. आयोवा : चिखल, मका आणि पूल

आयोवात रस्त्याच्या सगळ्या पिढ्या एकमेकींशेजारी दिसतात, म्हणून जुने मार्ग ओळखायला शिकण्यासाठी याहून चांगली जागा नाही. एका बाजूला चौपदरी यू. एस. ३०, त्यापलीकडे युनियन पॅसिफिकचा लोहमार्ग आणि मध्ये शेतातून वळणे घेत जाणारा जुना रस्ता, असे मैलोन्‌मैल चालते.

तामा गावाच्या पूर्वेला १९१५ चा एक लहानसा काँक्रीटचा पूल आहे. त्याच्या दोन्ही कठड्यांत 'लिंकन हायवे' ही अक्षरेच गज म्हणून ओतलेली आहेत. पूल इतका छोटा आहे की तीस मैलांच्या वेगाने जाणाऱ्याला तो कळणारही नाही. मी उतरून त्या अक्षरांवरून हात फिरवला तेव्हा डोळ्यांत पाणी आले. महिन्याभराचा पाऊस पडला की ज्या राज्यात गाड्यांचे आस चिखलात रुतत, तिथल्या एका छोट्या गावाने रस्ता तयार होण्याआधीच त्याचे नाव काँक्रीटमध्ये कोरून ठेवले होते. पश्चिमेला कोलो येथे लिंकन हायवे आणि विनिपेगहून न्यू ऑर्लिन्सला जाणारा जेफरसन हायवे एकमेकांना छेदत. त्या कोपऱ्यावरचा पंप, उपाहारगृह आणि मोटेल हे तिन्ही दुरुस्त करून जपले आहे. स्क्रँटनजवळ जे. ई. मॉस या यादवी युद्धातील वयोवृद्ध सैनिकाने १९२६ मध्ये रस्त्याच्या वळणावर लिंकन यांचे अर्धपुतळे असलेले दोन स्तंभ उभारले. वुडबाइन गावात विटांचा मुख्य रस्ता अकरा ब्लॉकपर्यंत अजून वापरात आहे.

इथले धोके वेगळे आहेत, ते नीट लक्षात घ्या. खडीच्या रस्त्यांच्या चौकांत बहुधा 'थांबा'ची पाटीच नसते, तेव्हा प्रत्येक चौकात वेग कमी करून दोन्हीकडे पाहा. 'लेव्हल बी' अशी पाटी असलेला रस्ता फक्त कोरड्या दिवसांत वापरण्याजोगा मातीचा रस्ता असतो. पावसानंतर त्यात मुळीच शिरू नका, मग नकाशावर तो कितीही अस्सल दिसो. खडीवर चाळीस मैलांच्या पुढे जाऊ नका आणि पुढच्या गाडीची धूळ बसेपर्यंत अंतर ठेवा. रेल्वेच्या फाटकांवर मैल-मैल लांबीच्या मालगाड्या येतात, आणि एक गेली की लगेच दुसऱ्या रुळावरून दुसरी येऊ शकते. संध्याकाळी हरणे रस्त्यावर येतात, म्हणून अंधार पडण्यापूर्वी मुक्कामाला पोहोचा. शाळेची पिवळी बस थांबून लाल दिवे लावत असेल, तर समोरून येणाऱ्यांनीही थांबणे बंधनकारक आहे.

१०. पश्चिमेकडे

नेब्रास्कात नॉर्थ प्लॅट येथील रेल्वेचे प्रचंड मार्शलिंग यार्ड, म्हणजे मालडबे वेगळे करून नव्या गाड्या जोडण्याची जागा, मनोऱ्यावरून पाहता येते, तेवढ्यासाठी तरी थांबा. वायोमिंगमध्ये शायेन आणि लॅरमी यांच्या मध्ये आय-८० या आंतरराज्य महामार्गाच्या ८,६४० फूट उंचीच्या माथ्यावर लिंकन यांचे ब्राँझचे भव्य शिर आहे. रॉबर्ट रुसिन या शिल्पकाराचे हे काम १९५९ चे असून नवा महामार्ग झाल्यावर १९६९ मध्ये ते आजच्या जागी हलवले. एवढ्या उंचीवर वयस्कर माणसांना धाप लागते. माझ्या सासूबाई साताऱ्याहून आल्या होत्या. त्यांना गाडीतून उतरवण्यापूर्वी आम्ही पाणी देऊन दहा मिनिटे बसू दिले आणि मगच चार पावले चाललो.

युटातील मूळ मार्गाचा एक भाग आता लष्करी चाचणीक्षेत्रात आहे आणि तिथे सामान्य माणसाला प्रवेश नाही. त्याच्या आसपासचे खडीचे वाळवंटी रस्ते दीडशे मैल पाण्या-पेट्रोलाविना जातात. पहिल्या प्रवासात ते पूर्णपणे टाळा आणि वेंडोव्हरवरून ईलीला जा. नंतरच्या काळात मुख्य मार्गही तोच झाला होता.

नेवाडात ईलीपासून यू. एस. ५० वर ७७ मैलांनी युरेका, तिथून ७० मैलांनी ऑस्टिन आणि पुढे सुमारे ११० मैलांनी फॅलन लागते. मध्ये वस्ती जवळजवळ नाही. टाकी अर्धी झाली की भरा, हा नियम इथे प्रत्येक गावात पाळा, कारण रात्री पंप बंद असू शकतात. मोबाइलला संपर्क मिळत नाही, म्हणून नकाशे आधी उतरवून घ्या आणि कधी पोहोचणार ते कोणाला तरी कळवून ठेवा.

११. खाणे आणि मुक्काम

शाकाहारी माणसाची लहान गावांतल्या उपाहारगृहांत उपासमार होत नाही, पण निवड फार थोडी असते. भाजलेले चीज सँडविच, अंडी चालत असतील तर ऑम्लेट, बटाटे आणि पाय. पायच्या पारीत डुकराची चरबी असू शकते आणि सूप बहुधा मांसाच्या पाण्यातले असते, म्हणून दोन्हींबद्दल विचारा. प्रश्न नीट विचारला तर लोक स्वयंपाकघरात जाऊन पाहून येतात. आम्ही थालीपिठाची भाजणी, विजेची छोटी शेगडी, मेतकूट, चिवडा आणि दही घेऊन निघतो. खोलीत शेगडी चालेल का, हे मात्र मोटेलवाल्याला आधी विचारावे.

मुक्काम जुन्या रस्त्यावरच्या मोटेलमध्ये करायचा असेल तर खोली आधी पाहायला मागा. त्यात काही गैर नाही. अनेक मोटेले गुजराती कुटुंबे चालवतात, आणि मी हिंदीत विचारल्यावर दुसऱ्या दिवशीच्या रस्त्याची जी खरी माहिती मिळाली, ती कोणत्याही नकाशात नव्हती.

१२. शेवटचा मैल

सान फ्रान्सिस्कोत शिरताना पुलाचा टोल रोखीने घेत नाहीत. भाड्याच्या गाडीवर तो नंतर सेवाशुल्क लावून आकारला जातो, तेव्हा त्याची सोय कशी आहे ते गाडी घेतानाच विचारून ठेवा. लिंकन पार्क शहराच्या वायव्य टोकाला आहे आणि लीजन ऑफ ऑनर हे कलासंग्रहालय त्यातच आहे. तिथे गाडीच्या काचांतून दिसेल अशी एकही पिशवी ठेवू नका, कारण काचा फोडून चोऱ्या होतात. सामान आधी हॉटेलात टाकून मगच या. संग्रहालयासमोर बसच्या थांब्याजवळ, १९२८ च्या खांबांच्या धर्तीवरचा काँक्रीटचा खांब उभा आहे. तो ठेंगणा आहे आणि बसची वाट पाहणारी माणसे त्याच्या आडोशाला उभी असली तर पटकन दिसत नाही. जुलै-ऑगस्टमध्येही दुपारनंतर समुद्रावरून दाट धुके येते आणि थंडी वाजते, म्हणून स्वेटर हाताशी ठेवा आणि फोटो सकाळी अकराच्या सुमारास काढा.